जुन्या इंजिनाचा कार्बुरेटर : हवा किती, पेट्रोल किती



आजचा विषय जरा तेलकट आहे. आज आम्ही कार्बुरेटरवर बोलणार आहोत. काही जणी म्हणतील, हे काय बायांच्या कार्यक्रमात, हे तर गॅरेजचं काम. पण ज्या गटाने जुन्या मोटारसायकलचं कोळपणी यंत्र घेतलं आहे, किंवा घ्यायचा विचार चालवला आहे, त्या गटाच्या पेट्रोलचा आणि दुरुस्तीचा हिशोब या मुठीएवढ्या डब्यात अडकलेला असतो. म्हणून अर्धा तास हा विषय ऐका. शक्य असेल तर गटातली यंत्र चालवणारी आणि वही लिहिणारी, दोघींनाही शेजारी बसवा.

आधी हे यंत्र आलं कुठून ते सांगतो. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास, दुष्काळात बैल आणि मजूर दोन्ही मिळेनात तेव्हा, बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा आणि औजारं बसवली. तिकडे त्याला बुलेट सांती म्हणतात. त्यांचं इंजिन डिझेलचं होतं, आणि डिझेल इंजिनाला कार्बुरेटर नसतो. आपल्या लातूर-नांदेडकडे मिस्त्री लोकांनी जे जुगाड बांधले, त्यांत मात्र पेट्रोलची जुनी बुलेट, राजदूत, येझदी, नाहीतर बजाजच्या जुन्या गाड्या दिसतात. जी गाडी भंगारात स्वस्त मिळाली, तिचं इंजिन. इंजिन पेट्रोलचं आलं की कार्बुरेटर आलाच.

आता हे आपल्या कामाचं का? अहमदपूर, उदगीर, मुखेड, कंधार, लोहा, कुठेही जा, पावसाळ्यात सोयाबीनच सोयाबीन. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी पहिली कोळपणी, ३० ते ३५ दिवसांनी दुसरी. त्या दिवसांत खुरपणीची मजुरी हा बायांचा हक्काचा रोजगार. यंत्र आलं की ओळींमधलं तण यंत्र काढतं, आणि खुरप्याला रोपालगतचं तेवढं उरतं. म्हणजे रोजगाराचे काही दिवस गेलेच. यंत्र बाहेरच्याचं असेल तर तो पैसा गावाबाहेर जातो. यंत्र गटाचं असेल तर भाडं गटात राहतं. पण इथे एक पाचर आहे. यंत्र गटाचं आणि पाना दुसऱ्याच्या हातात, असं झालं तर भाड्यातला मोठा वाटा गॅरेजमध्ये जातो. म्हणून पाना आपल्या हातात घ्यायचा. तो घ्यायला शाळेतलं गणित पुरतं, दहावी पास व्हायची गरज नाही.

कार्बुरेटर करतो काय? हवेत पेट्रोल मिसळतो, एवढंच. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवेचं वजन डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून असं बघा : एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. दोनशे लिटरचे पंचेचाळीस ड्रम भरून हवा! इंजिनाला खायला पेट्रोल थोडं आणि हवा भरपूर लागते, हे डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्यावरून कळतं.

पेट्रोल जास्त झालं की काय होतं, ते तुम्हाला घरात रोज दिसतं. गॅसच्या शेगडीची भोकं बुजली, ज्योत पिवळी झाली, की पातेल्याचं बूड काळं होतं. इंजिनातही तसंच. न जळलेल्या पेट्रोलची काजळी प्लगवर बसते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो, इंजिन फडफडत चालतं. पैसा जातो, पण इंजिन सहसा लगेच मरत नाही.

हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, तर गोष्ट उलटी. धूर नाही, वास नाही, आवाज सुद्धा कधी कधी टणटणीत. पण इंजिन आतून तापतं. प्लग पांढरा पडतो. पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि जाम होतो. फारच झालं तर पिस्टनला भोक पडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, गाडी पेट्रोल कमी खाते. आणि म्हणूनच हे जास्त धोक्याचं आहे.

आमच्या गटाच्या यंत्राचं हेच झालं. जुन्या बुलेटचं ३५० सीसीचं पेट्रोल इंजिन आहे. हंगामाआधी तालुक्याच्या एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिलं. मिस्त्रीने परत देताना सांगितलं, "ताई, सेटिंग करून दिलंय, आता पेट्रोल निम्मं लागंल." अंगणात इंजिन खरोखरच सुरेख वाजत होतं. पेट्रोल वाचवायचं म्हणून त्याने आतला मुख्य जेट बारीक घातला होता, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कोळपणीच्या ऐन गर्दीत, ढेकळाच्या रानात, भर दुपारी पिस्टन जाम झाला. पिस्टन, रिंगा, सिलिंडरचं बोअरिंग, मजुरी, आणि वापशाचे हातातून गेलेले दिवस. वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च आला. तेव्हापासून गटाने ठरवलं, कार्बुरेटर आपल्या डोळ्यांसमोर उघडायचा आणि आत काय घातलं ते वहीत लिहायचं.

मग अंगणात चांगलं वाजणारं इंजिन रानात का जाम होतं? याचं उत्तर कार्बुरेटरच्या पोटात आहे. त्यात पेट्रोल जायला एकच वाट नसते. तीन वाटा धरून चला. पहिली वाट बारीक जेटची, ज्याला पायलट जेट म्हणतात. मूठ न पिळता इंजिन हळू चालतं, ज्याला आपण 'स्लो' म्हणतो, तेव्हा पेट्रोल तिथून येतं. दुसरी वाट सुईची. मूठ पाव ते पाऊण पिळलेली असते तेव्हा एक लांब, निमुळती सुई वर उचलली जाते आणि तिच्या बाजूने पेट्रोल येतं. तिसरी वाट मुख्य जेटची. मूठ पाऊण ते पूर्ण पिळली की त्याचं काम.

आता विचार करा. अंगणात मिस्त्री बाहेरचे दोन स्क्रू फिरवतो, स्लो लावतो, एकदोनदा रेस करतो आणि म्हणतो, झालं. त्याने फक्त पहिली वाट लावली. रानात कोळप्याला भार लागतो, मूठ अर्धी किंवा जास्त पिळलेली असते आणि तशीच तासन् तास राहते. तिथे काम सुईचं आणि मुख्य जेटचं. ते कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे : जुगाडाच्या इंजिनाची परीक्षा रानात, औजार जमिनीत घालून घ्यायची. अंगणातल्या आवाजावर पैसे द्यायचे नाहीत.

दुसरं असं, की मोटारसायकल वाऱ्यावर थंड होते. रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने जाताना सिलिंडरच्या पाकळ्यांमधून वारा जातो. रानात तीच गाडी माणसाच्या चालीने चालते. वारा नाही, वर भार जास्त. म्हणून कंपनीने रस्त्यासाठी ठरवलेलं सेटिंग रानात पुरेलच असं नाही. रानातल्या इंजिनाला पेट्रोल किंचित जास्त असलेलं परवडतं, कमी असलेलं परवडत नाही. पाकळ्यांमधली माती रोज ब्रशने काढा. तासभर काम झालं की दहा मिनिटं थांबवा. पंखा बसवून घेतला तर उत्तमच.

तिसरं, जुगाड करताना गाडीचं काय काय बदललं ते बघा. मूळचा एअर फिल्टरचा डबा काढून टाकला? सायलेन्सर कापून आखूड केला? दुसऱ्याच गाडीचा कार्बुरेटर बसवला? यातली एकही गोष्ट केली की इंजिनात जाणारी हवा बदलते. आखूड सायलेन्सर आणि उघडा फिल्टर म्हणजे सहसा हवा जास्त, आणि जेट जुनाच राहिला तर पेट्रोल कमी. शिवाय रानातली धूळ सरळ आत. फिल्टरशिवाय इंजिन कधीही चालवू नका. कोळपणीच्या धुळीत फिल्टर रोज झाडायचा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेलाचा हात लावून बसवायचा.

चौथी गोष्ट नवी आहे आणि ती आपल्या उसाशी जोडलेली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. उसाच्या रसापासून आणि मळीपासून साखर कारखाने ते करतात. आपल्या मांजरा काठच्या उसाचाही त्यात वाटा आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर पोचलं. उसाला भाव मिळायला ते चांगलं. पण जुन्या इंजिनाचं काय होतं ते समजून घ्या. साध्या पेट्रोलला किलोमागे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ किलो. कारण जळायला लागणारा प्राणवायू इथेनॉलच्या अंगातच थोडा असतो. वीस टक्के मिसळलं की हा आकडा साधारण साडेतेरावर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जेटला हे माहीत नाही. तो जुन्या मापानेच देत राहतो, आणि इंजिन हवेच्या बाजूला झुकतं. नव्या गाड्यांत हे माप कॉम्प्युटर सांभाळतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. जुन्या इंजिनाला कॉम्प्युटर नाही, त्याला आपणच लागतो.

इथेनॉल हवेतली ओल सुद्धा ओढून घेतं. टाकीत पाणी साचतं, पत्रा गंजतो, गंजाचे कण जेटमध्ये अडकतात. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात, भेगाळतात. म्हणून नळी नवी घ्या, पेट्रोल कॉकच्या खाली गाळणी लावा, आणि हंगाम संपला की टाकी आणि कार्बुरेटरची वाटी दोन्ही रिकामी करून ठेवा. कोळपणी संपली की यंत्र आठ-दहा महिने उभं असतं. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, चिकट राळ मागे राहते आणि पायलट जेटचं केसाएवढं भोक बुजतं. मग पुढच्या जूनमध्ये किका मारून पाय दुखतात.

हवामानाचंही थोडं सांगतो. नांदेड गोदावरीकाठी, समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर. लातूर बालाघाटावर, साधारण ६३० मीटरवर. वर हवा विरळ, म्हणून नांदेडला लावलेलं इंजिन लातूरला पेट्रोल किंचित जास्त दाखवेल. फरक तीनेक टक्क्यांचा, घाबरण्यासारखा नाही. त्याहून मोठा फरक ऋतूचा. जानेवारीत पहाटे बारा अंश आणि मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंश, या दोन वेळच्या हवेच्या दाटपणात साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो. थंड हवा दाट असते, तिच्याबरोबर पेट्रोल जास्त लागतं. म्हणून मे महिन्यात घासून बसवलेलं सेटिंग थंडीत हरभऱ्याच्या रानात तसंच चालवू नका, एकदा प्लग बघा.

आता प्रत्यक्ष काम. पण कार्बुरेटरला हात लावायच्या आधी बाकीचं तपासायचं. प्लग स्वच्छ आहे का, त्याची फट बरोबर आहे का, पॉइंट जळालेत का, फिल्टर साफ आहे का, बुलेट असेल तर टॅपेट नीट आहेत का. यातलं काहीही बिघडलं असलं की इंजिन मिसिंग करतं आणि आपण उगाच कार्बुरेटर पिळत बसतो. कार्बुरेटर आणि इंजिन जिथे जोडतात तो सांधाही बघा. जुगाडाचं इंजिन थरथरतं, नट ढिले होतात, पॅकिंग फाटतं आणि तिथून चोरवाटेने हवा शिरते. इंजिन हळू चालू ठेवून त्या सांध्याला ब्रशने साबणाचं पाणी लावा. आवाज बदलला तर हवा तिथून घुसते आहे. आधी पॅकिंग बदला. पेट्रोल शिंपडून ही परीक्षा करणारे मिस्त्री असतात. तुम्ही करू नका, आग लागते.

मग कार्बुरेटर साफ करा. पेट्रोल कॉक बंद, वाटी उघडा, जेट काढा. जेट उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का बघा. घाण असेल तर सायकलच्या पंपाने हवा मारा. तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि जेटचा नंबर खोटा ठरतो. जेटवर नंबर कोरलेला असतो, तो वाचा आणि वहीत लिहा. सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतात, एका खाचेत छोटी क्लिप असते. वरून कितव्या खाचेत आहे ते मोजून लिहा.

आता स्लो. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा, थंड इंजिनावर सेटिंग करायचं नाही. बुलेटच्या मिककार्ब कार्बुरेटरला बाजूला दोन स्क्रू असतात. एक स्लोचा, तो आतली झडप किती उघडी राहील ते ठरवतो. दुसरा हवेचा. इंजिन बंद असताना हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, जोर लावू नका, टोक बसतं. मग दीड फेरा बाहेर काढा. इंजिन चालू करा. आता हा स्क्रू पाव पाव फेरा आत-बाहेर करत जिथे इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं चालतं तिथे थांबा. वेग जास्त वाटला तर स्लोच्या स्क्रूने कमी करा. पुन्हा एकदा हवेचा स्क्रू तपासा. हवेचा स्क्रू आत नेला की हवा कमी, बाहेर काढला की हवा जास्त. काही कार्बुरेटरांत हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोलचा असतो. तिथे उलटं होतं, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. म्हणून आपला कोणता आहे ते आधी ओळखा.

स्लो झाला, आता रान. औजार जमिनीत घालून, नेहमीच्या कामाइतकी मूठ पिळून दहा मिनिटं चालवा. मग मूठ न सोडता क्लच दाबा आणि लगेच इंजिन बंद करा. हळू करून बंद केलं तर प्लग स्लोचा रंग दाखवेल, कामाचा नाही. थोडा वेळ थांबा, हाताला फडकं गुंडाळा, प्लग काढा. मधल्या पांढऱ्या चिनीमातीचा रंग बघा. विटकरी किंवा चहासारखा तपकिरी, तर ठीक. काळाकुट्ट आणि कोरडी काजळी, तर पेट्रोल जास्त. खडूसारखा पांढरा, तर हवा जास्त, काम थांबवा. इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लग थोडा फिकट दिसतो, म्हणून एकट्या रंगावर निकाल देऊ नका. दुसरी खूणही बघा. भाराखाली इंजिन कचरतं, कार्बुरेटरमधून शिंकल्यासारखं करतं, मूठ सोडली तरी वेग पटकन उतरत नाही, ही हवा जास्त असल्याची लक्षणं. सोपी परीक्षा म्हणजे चालत्या कामात क्षणभर चोक अर्धा ओढायचा. इंजिनात जोर आला तर त्याला पेट्रोल कमी पडत होतं. उलट गुदमरलं तर पेट्रोल कमी नव्हतं.

पेट्रोल कमी निघालं तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या. क्लिप खाली म्हणजे सुई वर, म्हणजे पेट्रोल जास्त. जास्त निघालं तर क्लिप एक खाच वर. पुन्हा रानात चालवा, पुन्हा प्लग बघा. पूर्ण मुठीवरच त्रास असेल तर मुख्य जेट एक नंबर मोठा किंवा लहान घाला. एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कुणालाच कळत नाही. भाजीत मीठ आणि तिखट एकदम घालून मग चव बिघडली कशाने, हे जसं सांगता येत नाही, तसंच.

राजदूत आणि येझदीवाल्या बायांनी एक गोष्ट जास्तीची ऐका. ही टू-स्ट्रोक इंजिनं. राजदूत १९६० च्या दशकापासून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या गाडीवरून बनवली, आणि दूधवाल्यांनी ती गावोगावी पोचवली. या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लिटरला ४० मिली घातलं तर पंचविसास एक हे प्रमाण होतं. तुमच्या इंजिनाचं प्रमाण त्याच्या पुस्तकातून किंवा जाणत्या मिस्त्रीकडून घ्या, आणि औषधाच्या मापाने मोजून घाला, अंदाजाने धार सोडू नका. यात पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी जातं. म्हणजे ताप वाढतो आणि वंगण घटतं, दोन्ही एकदम. म्हणून टू-स्ट्रोक पेट्रोलला उपाशी ठेवून चालत नाही. आणि रॉकेल कुठल्याच पेट्रोल इंजिनात मिसळू नका. इंजिन ठोके मारतं आणि पिस्टन जातो.

आता जिवाची काळजी. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, हातातल्या बांगड्या चेनमध्ये अडकू शकतात. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, चेनवर पत्र्याचं झाकण बसवून घ्या. वाटी उघडताना जवळ चूल, बिडी, मोबाईलचा चार्जर काही नको. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातं.

कायद्याचंही दोन शब्दांत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीची बांधणी मनाने बदलता येत नाही. म्हणून असा जुगाड रस्त्यावर चालवायचा नाही. एम एच २४ असो की एम एच २६, पाटी असली तरी अपघातात विमा मिळण्याचा भरवसा नाही. दुसऱ्या शिवारात न्यायचा तर ट्रॉलीत घालून न्या. आणि कुणाच्या घरी पन्नास वर्षांवरची अख्खी, मूळ रूपातली गाडी उभी असेल तर ती कापायच्या आधी थांबा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणली आहे, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. अशी गाडी हौशी माणूस जुगाडापेक्षा जास्त पैसे देऊन नेईल.

शेवटी वही. हप्त्याची आणि व्याजाची वही प्रत्येक गटात आहेच. तशीच यंत्राची एक वही करा. तारीख, कुणाचं रान, किती एकर, किती लिटर पेट्रोल, प्लगचा रंग, मुख्य जेटचा नंबर, सुईची खाच, हवेच्या स्क्रूचे फेरे. एवढे आठ रकाने. एकराला लागणारं पेट्रोल अचानक वाढलं तर फिल्टर चोंदला असेल नाहीतर कुठून तरी पेट्रोल गळत असेल. अचानक घटलं तर खूश होऊ नका, आधी प्लग बघा. गॅरेजात यंत्र द्यायची वेळ आली तर वही बरोबर न्या आणि सांगा, "दादा, यातलं जे बदलाल ते इथं लिहून द्या." चांगला मिस्त्री आनंदाने लिहून देतो.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गटाच्या यंत्राचा प्लग काढून मधोमध ठेवा. प्रत्येकीने हातात घ्यावा, रंग बघावा आणि काय दिसतं ते सांगावं. तिथून सुरुवात करा.